सासूबाईंचं बिनहाडाचं जेवण

ती गेली तेव्हा मी दुकानात खिमा करत होतो. फोन पक्ष्यांच्या दवाखान्यातून आला. पिंजरे धुता धुता माझी बायको खाली बसली ती उठलीच नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी "बरं" म्हणालो आणि समोरच्या गिऱ्हाइकाचा खिमा बांधून दिला. मग शटर ओढलं.

ती तिथे मदतीला जायची. तिचा शेवटचा पेशंट आमच्याच मागच्या शेडमध्ये होता. पंख मोडलेलं गव्हाणी घुबड, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा. दवाखान्यात जागा नव्हती म्हणून घरी आणलेलं. नाव ठेवलं होतं सासूबाई.

"जागचं हलायचं नाही, नुसती मान मागे वळवून माझ्या कामावर नजर. अगदी तुमच्या आई," ती म्हणायची. आई ऐकायला नव्हती म्हणून निभावलं.

पाहुणे पांगल्यावर सासूबाईंचं जेवण माझ्याकडे आलं. बायकोने त्यांच्यासाठी घरच्या फ्रीजरमध्ये मेलेल्या उंदरांची पिशवी ठेवली होती. त्या पिशवीवरून आमची खडाजंगी ठरलेली. मी खाटीक माणूस, उंदराची लेंडी दिसली तरी मला घास उतरत नाही. म्हटलं, तिचं लाडकं पाखरू आहे, त्याला उंदीर कशाला? मी कोंबडीचं छातीचं मांस घेतलं, चरबी काढली, बारीक तुकडे केले. माझ्या मांसात हाडाची कणी सापडत नाही, सगळ्या बाजाराला विचारा.

सासूबाई आवडीने जेवल्या. मी खूश. पण पुढे पुढे त्या पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसायला लागल्या. फळीवरून उतरेनात. मी तुकडे आणखी बारीक केले.

मग मेहुणी आली. तीही त्याच दवाखान्यात काम करते. शेडमध्ये शिरली आणि जमीन न्याहाळायला लागली.

"भावजी, गोळे कुठेत?"

"कसले गोळे?"

"अहो, घुबड उंदीर सबंध गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं गोळा करून तोंडावाटे टाकतं. तुम्ही घालताय तरी काय?"

"बोनलेस."

तिने तोंडावर हात ठेवला, पण हसू फुटलंच. "ताई असती तर तुम्हालाच पिंजऱ्यात घातलं असतं!"

"अगं, दुकानातलं सगळ्यात चांगलं देत होतो."

"म्हणूनच मरायला टेकलंय. पंखाचं हाड भरून यायला पोटात हाड नको जायला?"

बायकोने जे सांधत आणलं होतं, ते मी लाडाने मारत होतो.

मेहुणीसमोरच पिशवी काढली. एक उंदीर गरम पाण्यात सोडला, मग चिमट्यात धरून, तोंड फिरवून पुढे केला. आधी डोकं गेलं. शेपटी बराच वेळ चोचीबाहेर लोंबत होती. मेहुणी म्हणाली, "भावजी, डोळे उघडा, संपला."

नंतर एका सकाळी जमिनीवर काळपट, चकचकीत गोळा दिसला. काडीने फोडला. आत केसांत गुंडाळलेली कवटी, दातांसकट. हाडं इतकी साफ की इतक्या वर्षांच्या माझ्या सुरीने मान खाली घालावी. मी मेहुणीला फोन केला.

"पडला!"

"अगं बाई, कोण पडलं?"

"गोळा!"

ती फोनवरच ओरडून सगळ्या दवाखान्याला सांगायला लागली.

सासूबाई सावरल्या. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडायला लागल्या. माझ्या कानाजवळून गेल्या तरी चाहूल नाही. त्यांच्या पिसांची कड कंगव्यासारखी दातेरी असते, ती वारा विंचरते, म्हणून आवाज होत नाही, असं तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले. त्यांनी पंख ताणून पाहिला आणि पसंत केला.

"आता परीक्षा एकच. शेड काळोखी करायची आणि वाळल्या पाल्याखाली जिवंत उंदीर सोडायचा. याचा एक कान वर, एक खाली असतो, त्यामुळे नुसत्या खसफशीवरून जागा कळते. पकडला तर खुशाल बाहेर सोडा. नाहीतर बाहेर उपाशी मरेल."

म्हणजे आता मी स्वतःच्या पायाने जाऊन घरात जिवंत उंदीर आणतो. पहिला माझ्या पँटमध्ये शिरायला निघाला होता. मी खुर्चीवर चढलो, मेहुणी दाराबाहेर हसून बेजार. दुसऱ्यावर सासूबाईंनी झेप घेतली, नखं पुढे केली, आणि मूठभर पाला उचलला. उंदीर शेडच्या फटीतून निघून गेला. मी फट बुजवली.

मेहुणी म्हणते, थंडी पडायच्या आत जमायला हवं. रोज दुकान बंद केलं की मी पाला पसरतो, दाराला गोणपाट लावतो आणि बसतो. सासूबाईंनी अजून एकही उंदीर स्वतः पकडलेला नाही.