मला पेटीवरच राहू द्या

मी एक जुनी गोधडी आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर आता थकले आहे. मुळशीतल्या एका गावात, रत्नाबाईंच्या घरी, पत्र्याच्या पेटीवर घडी होऊन पडलेली असते.

रत्नाबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांनी मला शिवलं. सासूची तीन जुनी लुगडी, आत एक फाटकी चादर, वर ठिगळं. थंडीत धरणावरून वारा सुटला की घरात माझ्यासाठी ओढाओढ व्हायची. आयाबाया मला उचलून बघायच्या आणि म्हणायच्या, "काय जड हाय गं बाई!" ती स्तुती होती. मीही फुगून जायचे.

पुढे बाजारातून मऊ ब्लँकेटं आली आणि मी पेटीवर गेले. यंदा घरात नात आली, धम्मदीपा. आता आपले दिवस फिरले, असं मला वाटलं.

त्या सकाळी रत्नाबाईंचा मुलगा किशोर पिरंगुटच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आला आणि मेल्यासारखा झोपला. सून गौतमी धुणं घेऊन नळावर निघाली होती. तिने दोन महिन्यांची पोर त्याच्या कुशीत ठेवली. गारठा होता म्हणून रत्नाबाईंनी मायेने मला दोघांवर ओढलं.

किशोर झोपेतच वळला. माझी कड पोरीच्या तोंडावर आली. तिचा श्वास आधी माझ्या ठिगळाला ऊन लागत होता, मग कमी कमी होत गेला. मला हात नाहीत, मित्रांनो. मी नुसती जड होते.

तेवढ्यात आरोग्य केंद्राची आशा सेविका जया बाळाचं वजन करायला आली. "बाळ कुटं हाय?" म्हणत तिने मला ओढून फेकलं. पोरीचे ओठ निळे पडले होते. जयाने तिची पाठ चोळली, तळपाय चोळले, तेव्हा कुठे ती रडली. पौडला डॉक्टरांना दाखवून सगळे दुपारी परतले.

"दमलेल्या माणसापाशी बाळ निजवायचं न्हाई," जया म्हणाली. "येगळं, कडक गादीवर, उताणं निजवा. उशी न्हाई, गोधडी न्हाई. थंडी हाय तर कपडे घाला."

रत्नाबाई उसळल्या. "आमी चार पोरं ह्याच गोधडीत वाढवली की!"

बोलता बोलता त्यांनी मला मांडीवर ओढलं. रत्नाबाईंचा हात माझ्या टाक्यांवरून फिरत होता, तो थांबला.

"पाच हुती," त्या म्हणाल्या. "किशोरच्या आधीची एक. सव्वा म्हयन्याची. निजंतच गेली. लोक म्हनले, नजर लागली."

त्या दिवशीही तिच्या अंगावर मीच होते.

रत्नाबाईंनी माझी घडी घातली आणि मला पेटीवर ठेवलं. मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. मित्रांनो, मोठ्यांच्या पायांवर मला खुशाल घाला. पण ज्याला आपल्या हाताने मला बाजूला सारता येत नाही, त्याच्यावर मला घालू नका.