तळाचं पाणी

आमच्या सीवात, इजिप्तच्या वाळवंटातल्या या हिरव्या बेटात, नवरी लग्नाच्या आदल्या दिवशी झऱ्यात न्हाते. गळ्यातली चांदीची चकती काढून धाकट्या बहिणीच्या गळ्यात घालते, तेव्हा कुठे ती सासरी जायला मोकळी. माझी नात झुहरा त्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर बायकांबरोबर येणार होती. झऱ्याची राखण माझ्याकडे. तीन दिवस कुंडात उतरून मी दगडांवरचं शेवाळ खरवडलं होतं. वरून पाहिलं तर तळाच्या वाळूचे कण दिसावेत, असं पाणी झालं होतं.

सकाळी अलेक्झांड्रियाहून आलेल्या विद्यार्थ्यांची बस लागली. तीसेक पोरंपोरी आणि त्यांचे मास्तर, उस्ताद शाकिर. आधी सगळी प्राचीन देवळाच्या टेकडीवर चढली. तिथली पडकी घरंही मीच राखतो, म्हणून मागोमाग गेलो. आमच्या भिंती मीठ आणि चिखलाच्या, जोराची सर आली तरी विरघळतात. दोन पोरं अशाच एका भिंतीच्या सावलीत उभ्यानं मुतत होती.

"अरे, खाली संडास आहे ना!"

"हाजी, दोन हजार वर्षं उभी आहे," एक कुरळ्या केसांचा पोरगा पँट सावरत म्हणाला. "आमच्यानं थोडीच पडते?"

सगळी खिदळली. भिंतीला बोटभर खळगा पडला होता आणि त्यात फेस साचला होता.

खाली आल्यावर मास्तरांना बाजूला घेतलं. "उस्ताद, आज मोठ्या कुंडात कोणी उतरायचं नाही. नात न्हायची आहे माझी. बागेपलीकडे लहान कुंड आहे, तिथे खुशाल डुंबा."

"वा, मुबारक हो! अल्लाह जोडा सुखात ठेवो," ते म्हणाले आणि त्यांनी छातीवर हात ठेवला.

आमच्यात छातीवर हात ठेवला की शब्द दिला. वर नवरीला दुवा देणाऱ्याला उपाशी पाठवणं म्हणजे लग्नाला अपशकुन. मी झरा सोडून खजूर आणि चहा आणायला घरी गेलो. चुकलो तो तिथेच.

परतलो तर सगळी मोठ्या कुंडात. पाण्यावर ऊन लागू नये म्हणून फासलेल्या मलमाचा तवंग, इंद्रधनुष्यासारखा चमकणारा. त्यावर कलिंगडाच्या बिया, डब्यातल्या माशांचं तेल, केसांचे पुंजके. एकानं नाक शिंकरलं आणि हात पाण्यातच धुतला. मास्तर काठावर बसून फेसाळलेले पाय घासत होते.

"उस्ताद, शब्द दिला होता तुम्ही!"

"पोरं ऐकतात का हाजी? आणि तिकडचं कुंड फोटोत अगदीच बारकं दिसतं हो."

"आजोबा, तुम्हीपण या ना!" एक मुलगी फोन रोखून ओरडली. "या वर्षीची आंघोळ झाली का?"

"माझी झाली. तू मात्र घरी जाऊन पुन्हा कर."

खजुराचं ताट मी कोणापुढे धरलं नाही. तास गेला, बस गेली. जाळी घेऊन बिया काढल्या, पण तवंग जाळीत येतो थोडाच? कुंड रिकामं करावं तर भरायला पहाट होणार. शिवाय पाट जातो शेजारच्या बिलालच्या खजुरांना. त्याच्या झाडांना मी ही घाण कशी पाजू?

बायका आल्या त्या गात आल्या आणि काठाशी गप्प झाल्या. झुहरानं वाकून वास घेतला.

"आजोबा, मी यात पाय घालणार नाही."

"नको घालू."

"मग काय न न्हाताच लग्न लावायचं?" माझी सून सकीना कडाडली. "लोक काय म्हणतील?"

तळाशी दगडांच्या फटीतून पाणी उसळतं, तिथे तवंग पोचत नाही. मी घागर घेतली आणि कपड्यांसकट उतरलो. कोमट, तेलकट पाणी मानेवरून ओठांवर आलं. घागरीचं तोंड तळव्यानं दाबून, श्वास कोंडून तीन माणसांच्या उंचीइतका खाली गेलो. घागर फटीवर धरली, भरली तशी तोंडावर तळवा दाबून वर आलो. दोन खेपांत छाती फुटायची वेळ आली.

"बास, बास!" झुहरा म्हणाली. "आज तुम्हाला काही झालं तर लग्न कसलं?" मग तिनं तोंड फिरवलं. "ई, दाढीला काय चिकटलंय ते!"

कोणाच्या तरी जखमेवरची पट्टी होती, अजून लाल. मी ती ओरबाडून काढली.

पुरुषानं तिथे थांबायचं नसतं. मी भिंतीआड गेलो. झुहरा खजुरांच्या आडोशाला दोन घागरींत न्हाली. गाणं पुन्हा सुरू झालं खरं, पण तोंडदेखलं. तिच्या धाकट्या बहिणीच्या, मबरूकाच्या गळ्यात चकती पडली. मुलगी सासरी जायला मोकळी झाली, पण झऱ्यात न्हाली नाही. आमच्या घरात असं पहिल्यांदाच झालं.

मी ओंजळ ओंजळ वाळूनं अंग घासत होतो. कातडी लाल झाली, मलमाचा वास काही जाईना.