थंड झालेली कॉफी

हाजी दिरगाम यांनी कॉफीचा कप टीपॉयवर ठेवला आणि त्याला हात लावला नाही. आमच्यात मागणं घेऊन आलेला माणूस ते मान्य होईपर्यंत कॉफी पीत नाही. हाजी काय मागणार, याचा मला अंदाज होता. नाही म्हटलं तर काय होईल, याचाही.

दिवसा मी स्वीडनमधल्या माल्मोच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. शनिवारी रंगमंचावर आम्हा पॅलेस्टिनींचेच विनोद सांगते. गेल्या शनिवारी मी म्हणाले होते, "आमचे एक हाजी रणगाड्यापुढे छाती काढून उभे राहिले. पण इथे इमारतीच्या सामायिक धुलाईखोलीतली त्यांची वेळ संपली, स्वीडिश आजीबाईंनी दार वाजवलं, आणि हाजी चादरींच्या ढिगात लपले!" नाव घेतलं नव्हतं. पण आमच्या इमारतीत हाजी एकच. कुणीतरी काढलेला व्हिडिओ थेट लेबनॉनमधल्या आमच्या निर्वासित छावणीत पोचला.

तिथे माझी आई आहे. तिच्या उशाशी प्राणवायूचं यंत्र आहे, आणि ते चालतं हाजींच्या धाकट्या मुलाच्या जनरेटरवर.

"अबू नाझीम, तुमची पुतणी फार शिकलीय म्हणे," हाजी माझ्या काकांना म्हणाले.

"शिकलीय हो. अक्कल तेवढी यायचीय." काका कसंनुसं हसले.

कपातला गाळ तळाशी बसत चालला होता. मला ते बघवेना.

"गार झाली. दुसरी आणते," म्हणत मी कप उचलला.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. भरलेला कप उचलणं म्हणजे मागणं न ऐकताच नकार. प्रयोगशाळेत सहकाऱ्यांची गार कॉफी बदलून देता देता मी हे साफ विसरले होते.

हाजी काठी टेकून उठले. "कळलं. आता बोलायचं काय उरलं?"

सोबत आलेल्या त्यांच्या थोरल्या मुलाने खिशातून फोन काढला. "धाकट्याला लावू, बाबा?"

"नको!" मी कप परत ठेवला. अर्धी कॉफी सांडली. "बसा, हाजी. चुकले मी. मागा, काय हवं ते मागा."

हाजींनी काठी बाजूला ठेवली. मग बसले.

"मला खुशाल हस, पोरी. पण माझी नातवंडं शाळेत तो व्हिडिओ बघतात. ती गोष्ट पुन्हा सांगायची नाही. कुठेच नाही, कुणालाच नाही."

"नाही सांगणार."

"शब्द?"

"शब्द."

त्यांनी उरलेली कॉफी एका घोटात संपवली. तरी यंत्र चालू असल्याची खात्री करावीशी वाटली. तिथेच बसून मी आईला फोन लावला. आधी यंत्राची घरघर ऐकू आली, मग ती.

"जुमाना! बरं झालं गं. शेजारणी जमल्यात. ती धुलाईखोलीची गंमत सांग ना, तुझ्या तोंडून!"

हाजी माझ्याकडे बघत होते. आईचा आवाज त्यांना ऐकू जात होता.

"कुठली गंमत, आई?"

"अगं ती, चादरीत लपलेला..."

मी घाबरून फोन कापला. त्याबरोबर कानातली यंत्राची घरघरही थांबली.