घर तुमचं, दार आमचं

घरमालक काका राहायचे वरच्या मजल्यावर, पण त्यांचा जीव अडकलेला खालच्या भाडेकरू शिंप्याच्या दोन खोल्यांत. स्वतःकडे किल्ली होती ना! नळ गळतोय का बघायला यायचे, खिडकी लावायला यायचे. एकदा तर शिंप्याची लेक तोंडात टूथपेस्टचा फेस घेऊन आरशासमोर भाषण ठोकत होती, आणि मागे हे महाशय हजर!

फेस थुंकून ती म्हणाली, "काका, विचारून येत जा."

"माझ्याच घरात मी विचारू?"

"घर तुमचं, पण दार आमचं."

"अगं बाई, वकिलीणबाई!" काका खो खो हसले. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पंख्याचा आवाज का येतो ते बघायला.

बाबांना सांगून उपयोग नव्हता. "जाऊ दे गं, मनाचा चांगला माणूस आहे. आई आजारी होती तेव्हा औषधं कोण आणायचं?" हे खरं होतं, म्हणून तर तिचं डोकं जास्त फिरायचं. वाईट माणसाशी निदान मनसोक्त भांडता तरी येतं.

आई आतल्या खोलीत भिंतीला डोकं टेकून बसायची आणि बाबांनी शिवलेल्या कपड्यांना काजं-बटणं करायची. शेवटी शेवटी सुई धरवेना, तरी बसायची तिथंच. तिच्या केसांच्या तेलाचा एक गोल डाग भिंतीवर पडला होता. आई जाऊन वर्ष झालं, डाग राहिला. बाबा संध्याकाळी चहा घेऊन त्या डागाशेजारी टेकायचे आणि हळूच सांगायचे, "आज त्या मास्तरांची पँट पुन्हा आखूड झाली बघ." लेक बाहेरच्या खोलीत अभ्यासाचं सोंग करून सगळं ऐकायची.

म्हणून काकांनी रंगाचा विषय काढला तेव्हा तिनं ठणकावलं, "आतल्या खोलीला हात लावायचा नाही." का, ते सांगितलं नाही. ती काय कुणाला सांगायची गोष्ट आहे?

त्या शनिवारी ती शाळेतून उड्या मारतच आली. वक्तृत्वात पहिला नंबर! दारातच रंगाचा वास आला. दप्तर तिथंच टाकून ती आत धावली.

भिंत पांढरीशुभ्र.

"कशी आहे?" काका ब्रश घेऊन लहान मुलासारखे हसत होते. "भाडं वाढवणार नाही हं! तू भांडली असतीस, म्हणून तुमच्या माघारी उरकलं. काय तेलकट डाग होता तिथं, घासून घासून काढला."

ती भिंतीवर डागाची जागा शोधत राहिली.

तेवढ्यात बाबा आले. भिंतीकडे बघत राहिले. "छान झालं हो," ते म्हणाले. मग आपल्या जागी जाऊन बसले आणि शेजारी, जिथं डाग होता तिथं, त्यांनी तळहात ठेवला.

"अहो, ओलं आहे अजून!"

"हो," बाबा म्हणाले. हात काढला नाही. त्यांचे खांदे हलायला लागले.

"तिथं आई डोकं टेकायची," लेक म्हणाली.

काकांनी त्या हाताकडे पाहिलं, मग पायाशी पडलेल्या मळक्या फडक्याकडे. ते बाहेर गेले. दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

जरा वेळानं बाहेरून कडी वाजली, अगदी हळू.

"येऊ का आत?"

वर्षभर ती ह्याच प्रश्नासाठी भांडली होती. किल्ली त्यांच्याच खिशात होती, तरी काका बाहेर थांबले होते. तिला 'या' म्हणवेना. 'नको'ही म्हणवेना. ती बाबांजवळ बसली, आणि त्या पांढऱ्या भिंतीपासून डोकं जपून लांब धरलं.