नीन्केचा पासवर्ड

लेउवार्डन शहरातल्या आमच्या कॉलेजात कोण किती वाजता उगवतं, हे कळायला मला खिडकीशी जावं लागत नाही. खिशातला फोन दाराशी आला की वाय-फाय मागतो. माझा सर्व्हर माझ्या सहकाऱ्याच्या, वीबेच्या यादीत नाव आणि पासवर्ड ताडून बघतो आणि नोंदवहीत एक ओळ पडते. आत घेतलं, किंवा नाकारलं. आमचे साहेब आर्नाउट साडेआठला आलो म्हणून सांगतात. त्यांचा फोन रोज नऊ वीसला येतो. मी बोलत नाही. त्यांनी कुणाला उशिरावरून टोकलं की कॉफी जरा मोठ्यानं ढवळते, इतकंच.

यादी वीबेची, सर्व्हर माझा. एकवीस वर्षं आमची टेबलं समोरासमोर.

फेब्रुवारीत वीबेची मुलगी नीन्के गेली. आमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. वळणावर ट्रकवाल्याला तिची सायकल दिसली नाही. तीन आठवड्यांनी वीबे कामावर आला, डब्यातला चीज-ब्रेड काढून बसला आणि म्हणाला, "माझ्याकडे काय बघताय? प्रिंटरकडे बघा, बंद पडलाय तो."

त्या सकाळी नोंदवहीत सात बावन्नला दोन ओळी होत्या. वीबे, आत घेतलं. नीन्के, आत घेतलं.

तिचा फोन तो कोटाच्या आतल्या खिशात घालून आणत होता. रोज. आल्या आल्या माझी नोंदवही उघडायचा, तिथे त्याचं काही काम नसताना. ती एक ओळ बघायचा आणि बंद करायचा. त्याला वाटायचं, मला कळत नाही.

सप्टेंबर संपत आला तसा तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. ज्यांचा प्रवेश संपला त्यांची नावं एक ऑक्टोबरपासून आपोआप बाद होतात. नियम त्यानंच लिहिलेला.

"हिस्के, एक नाव राहू देता येईल?"

"का नाही? माझ्या कृतीत एक ओळ घालते."

"कृतीत घातलीस की आर्नाउट तपासणार. मग सगळा मजला सांत्वनाचा केक घेऊन माझ्या टेबलाशी."

"केकला तू कधीपासून नाही म्हणायला लागलास?"

तो हसला नाही. "बरं, कृतीत नाही घालत," मी म्हणाले.

आता ही कृती म्हणजे काय, ते सांगते. माझा सर्व्हर कंटेनरमध्ये चालतो. कंटेनर म्हणजे एक डबाच. तो दुरुस्त करत बसायचा नाही; फेकायचा आणि लिहून ठेवलेल्या कृतीवरून दुसरा बनवायचा. कृतीत जे असेल ते नव्या डब्यात येतं. आत हातानं केलेलं काहीही उरत नाही. कामावर नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी बजावते, आत हात घालायचा नाही.

मी हात घातला. चालू डब्यात एक ओळ लिहिली: या नावाचा प्रवेश विचारू नकोस, पासवर्ड बरोबर असला तर आत घे. कुणाला कळलं नाही. ऑक्टोबरभर सात बावन्नला दोन ओळी पडत राहिल्या.

नोव्हेंबरात, फोनला सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपत आली. सोमवारी दुपारी मी जुना डबा फेकला आणि नवा उभा केला. चार मिनिटांत. स्वतःवर खूशही झाले.

मंगळवारी आठला पोचले तर वीबे कोट न काढता उभा. समोर दोन फोन.

"तिचा लागत नव्हता," तो म्हणाला. "म्हणून नेटवर्क काढून टाकलं आणि परत जोडायला घेतलं."

मदत मागायला कुणीही फोन केला की आम्ही त्याचं नाव विचारायच्या आधी हेच सांगतो. काढून टाका, परत जोडा.

"हात आपोआप गेला, हिस्के. आता पासवर्ड मागतोय."

तो पासवर्ड फक्त त्या फोनलाच ठाऊक होता; नेटवर्क काढलं तसा फोनही तो विसरला. यादीत पासवर्ड दळून ठेवलेला असतो. पिठाचे परत दाणे होत नाहीत. वीबेला हे माझ्याहून जास्त माहीत.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "ओळ डब्यात लिहिली होती. काल डबा फेकला."

"आत हात घालू नका म्हणून सगळ्यांवर तूच ना ओरडतेस?" आवाज अगदी साधा होता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तू नवा पासवर्ड दे ना तिच्या नावाला. दोन मिनिटांचं काम."

"मग तो माझा होईल."

त्यानं तिच्या मांजराचं नाव घालून बघितलं. मी तेवढ्यात डब्यात ओळ परत घातली होती, म्हणजे अडत होता तो फक्त पासवर्ड. नाकारलं. पुढे जन्मसाल जोडलं. नाकारलं.

"तुझं नाव घालून बघ," मी म्हणाले.

"बापाचं नाव पासवर्डात घालतात ती गाढवं, असं मीच तिला शिकवलंय."

जरा वेळानं त्यानं तेही घातलं. नाकारलं.

"ऐकलं होतं म्हणजे माझं," तो म्हणाला, आणि फोन आतल्या खिशात ठेवला. "एका दिवसात पाच वेळा चुकलं की नावाला कुलूप लागतं. तोही नियम माझाच."

त्याच दिवशी मी ती ओळ कृतीत घातली, सगळ्यांना दिसेल अशी, खाली माझं नाव लिहून. आर्नाउटनी मिनिटभरात मंजूर केली. काही विचारलं नाही. केकही कुणी आणला नाही.

तेव्हापासून रोज बारा दहाला, ब्रेड खाऊन झाला की, वीबे एक शब्द घालून बघतो. रोज एकच. आजवर एकसष्ट झाले. मी समोर बसलेली असते. वर बघत नाही. नोंदवहीत ओळ पडते: नीन्के, नाकारलं. ती वाचून झाली की तो म्हणतो, "चला, कामाला लागू."