एक वाजताची हाक

भाच्यांचं पटेनासं झालं, तेव्हा चष्म्याच्या काचा घासायच्या त्यांच्या कारखान्याचं नेटवर्क तोडायचं काम मामांच्याच गळ्यात पडलं. जोडलंही त्यांनीच होतं. "याचं त्याला दिसता कामा नये," एवढ्या एका गोष्टीवर दोघा भावांचं एकमत होतं.

मामांनी रविवारी बसून कॉम्प्युटरच्या पत्त्यांचे दोन गट पाडले. एक जिन्याच्या डावीकडे बसणाऱ्या थोरल्याचा, एक उजवीकडच्या धाकट्याचा. कारखान्याच्या वर राहणाऱ्या ताईच्या, म्हणजे भाच्यांच्या आईच्या, कॉम्प्युटरला थोरल्याच्या गटातला पत्ता दिला. तीच वायर हाताशी होती.

सोमवारी धाकटा जेवायला आला नाही.

ताईचे गुडघे कधीचेच संपावर. जिना उतरणं बंद. म्हणून मामांनी तिला सोय करून दिली होती: एक वाजता तिने बटण दाबलं की खालच्या सगळ्या पडद्यांवर 'जेवायला चला' उमटे आणि टिंग वाजे. भांडण कितीही पेटलेलं असो, या हाकेला दोघं वर येत, माना खाली घालून एका टेबलावर जेवत. सगळ्यांना मारलेली अशी हाक आपल्या गटाची शीव ओलांडत नाही, हे मामा बारा वर्षं वर्गात शिकवत होते. नेमकं तेच विसरले.

"हाकेपुरती वाट ठेवू का?" त्यांनी थोरल्याला विचारलं.

"आज हाक जाईल मामा, उद्या फायली जातील."

मग मामा धाकट्याकडे गेले. त्याने मान वर केली नाही. "आई कुणाकडे आहे ते दिसलं."

"अरे, वायर मी जोडली. तिला यातलं ओ की ठो कळत नाही. तुझ्याकडे फिरवू?"

"म्हणजे उद्या दादा हेच म्हणेल. राहू द्या."

मंगळवारी ताईने तीन पानं मांडली, बटण दाबलं. "बघ, 'सर्वांना पाठवले' म्हणतंय. तरी येत नाही."

"ताई, त्याच्यापर्यंत जातच नाही. चूक माझी आहे. फोन कर त्याला."

"भाच्यांना पाठीशी घालायची तुझी जुनीच खोड. हाक ऐकून न येणाऱ्याला मी फोन करू?"

थोरला जेवत होता. ताईने धाकट्याच्या पानावर ताटली झाकली आणि बटण पुन्हा दाबलं.

जिन्यातून टिंग वर आलं. फक्त डावीकडून.