आवाज नसलेला तिसरा

मी एक जुना ऑसिलेटर, म्हणजे लहरी काढणारा भाग आहे. मित्रांनो, मला हातात घेऊन पाहता येणार नाही, कारण मी संगणकातल्या सिंथेसायझरमध्ये राहतो. माझे दोन थोरले भाऊ सूर काढतात. मला आवाजच नाही. मी इतका सावकाश हलतो की कोणाच्या कानाला ते कळत नाही. पण भावांच्या सुराला धरून मी हलवतो, तेव्हा त्यात कंप येतो. कौतुक अर्थात थोरल्यांचं होतं.

आमचा मालक जाहिरातींना संगीत देई. त्याची म्हातारी आई शेजारच्या खोलीत उसवलेले कपडे शिवताना गुणगुणायची. मायक्रोफोन पुढे केला की मात्र तोंड घट्ट मिटायची. म्हणून तिचा आवाज आमच्याकडूनच काढून घ्यायचं त्याने मनावर घेतलं. थोरल्यांचं तासाभरात जमलं. माझ्यापाशी घोडं अडलं. आठवडाभर तो माझा वेग किंचित वाढवी, किंचित कमी करी. आई दारात येऊन नाक मुरडायची. "मी काय थंडीनं कुडकुडते का रे?" एका दुपारी ती हातात सुई घेऊन तशीच उभी राहिली.

"हं. आता मी वाटते."

त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं.

पुढच्या वर्षी आई गेली. मालकाने दोन वर्षं त्या आवाजाला हात लावला नाही. मग त्याच्या ताईने आईसाठी एक गाणं कर म्हणून गळ घातली, तेव्हा त्याने तो उघडला. संगणक आता धापा टाकत होता. भार हलका करावा म्हणून त्याने आम्हाला एकेकटं वाजवून पाहिलं. थोरले वाजले. मी गप्प. मला कशासाठी ठेवलं होतं, त्याचाच त्याला विसर पडला होता. "हा नुसताच बसलाय," म्हणत त्याने मला काढून टाकलं आणि जुन्याच नावावर सेव्ह केलं.

ताई ऐकायला आली. सूर सरळसोट निघाला.

"ही कोण?" तिने विचारलं.

मालकाचा चेहरा उतरला. त्याने मला परत आणलं, पण माझा वेग पुसला गेला होता. त्या वेगाचा आकडा कुठेच लिहिलेला नव्हता. मला आईची सुईसुद्धा आठवते, पण तेवढा आकडा आठवत नाही. याचं फार वाईट वाटतं.

तो अजून मला फिरवतो. "अशी होती का गं?"

"नाही रे."

"आणि अशी?"

परवा ताई म्हणाली, "आता मलाही नक्की सांगता येत नाही."

मित्रांनो, एकटा गप्प बसतो म्हणून कोणाला निकामी ठरवू नका. आणि "आता मी वाटते" असं सांगणारं माणूस घरात आहे, तोवरच आकडा लिहून ठेवा.